हसू आणि हसं

आधीच सांगून टाकते, मी काही मोठी वाचणारी बाई नव्हे. वाचनालयाची 'एक पुस्तक, एक मासिक' अशी वर्गणी मी गेली चाळीसएक वर्षं भरते आहे. पण पुस्तक बरेचदा अर्धंच वाचून परत जातं, आणि मासिकातही मी आधी पाककृती, मग चुटके आणि वेळ उरलाच तर कथा, असा उलटा प्रवास करते. दुपारची झाकपाक झाली, ओट्यावरून फडकं फिरवलं की पाठ टेकायची, चार पानं वाचायची आणि पुस्तक छातीवर पालथं ठेवून डोळा लावायचा, हे माझं वाचन. दूरदर्शनचंही तेच. भाजी निवडता निवडता जे दिसेल ते पाहिलं. तेव्हा साहित्यावर काही लिहिण्याचा मला मुळीच अधिकार नाही. पण विनोदावर मात्र दोन शब्द लिहावेत असं फार दिवस मनात आहे. कारण विनोद मी नुसता वाचलेला-पाहिलेला नाही, मी तो सोसलेला आहे. आणि पुढे (हे लिहिताना जरा जड जातंय) दुसऱ्याला सोसायलाही लावलेला आहे.

आपल्या मराठीत 'हसू' आणि 'हसं' हे दोन शब्द किती जवळजवळ राहतात, नाही? चाळीतल्या दोन बिऱ्हाडांसारखे. मध्ये एक पातळशी भिंत. हसू येतं, हसं होतं. हसू आपल्याला येतं आणि हसं बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी होतं. ही भिंत कुठे आहे ते मला कळलं एका घाण्याच्या निमित्तानं. घाणा म्हणजे कढईतला. अनारशांचा.

माझं लग्न १९७७ साली झालं आणि मी मिरजेहून गिरगावातल्या एका चाळीत आले. दोन खोल्या, सात माणसं, आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जाण्याचा सराव. पहिली दिवाळी दिवाळसणासाठी माहेरी गेली. दुसऱ्या दिवाळीला मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "अनारसे मी करणार." माझ्या आईचे अनारसे आमच्या आळीत प्रसिद्ध होते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत पंचावर पसरायचे. अगदी खडखडीत वाळू द्यायचे नाहीत, किंचित दमट असतानाच कुटायचे. पीठ वस्त्रगाळ करायचं, किसलेला गूळ कालवून गोळा डब्यात मुरत ठेवायचा. हे सगळं मी आईच्या हाताखाली दहा वेळा पाहिलं होतं. पाहिलं होतं, केलं नव्हतं!

ज्या बायकांनी अनारसे केले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा मी खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला. तो क्षणभर शहाण्यासारखा राहिला, मग त्याला भोकं पडू लागली, मग कडा सुटल्या आणि बघता बघता तो कढईभर पसरून विरघळला. आपल्याकडे याला 'अनारसा हसला' म्हणतात. गूळ अंमळ जास्त झाला, नाहीतर पीठ सैल राहिलं, की अनारसा हसतो. दुसरा हसला, तिसरा हसला. तूप काळं पडलं. चौथ्याला मी रडले.

त्यावर तोड अगदी सोपी असते. थोडी तांदळाची कोरडी पिठी मिसळायची, गोळा आणखी एक दिवस मुरू द्यायचा आणि आच मंद ठेवायची. पण तेव्हा ते सुचलं नाही, आणि सासूबाईही काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुकाट्यानं कढई उतरवली आणि तूप गाळायला घेतलं.

बोलले ते आमचे 'हे'. आता यांच्याविषयी गैरसमज नको. माणूस अतिशय सरळ, पगार हातात आणून देणारा. पण गोष्ट रंगवून सांगण्याची यांना भारी हौस. भाऊबीजेला मंडळी जमली आणि यांनी सुरुवात केली, "आमच्याकडे यंदा काय झालं माहीत आहे का? अनारसे हसले, मग आम्ही हसलो, आणि हिला मात्र रडू आलं!" सगळे हसले. मीही हसले. गोष्ट चांगलीच होती हो! दुसरं कुणी सांगितली असती आणि दुसऱ्या कुणाची असती, तर मी पोट धरून हसले असते.

पण ती गोष्ट त्या दिवशी संपली नाही. ती वाढत गेली. संक्रांतीला तिच्यात कढईतून धूर निघाला, गणपतीला तळमजल्यावरचे लोक बादल्या घेऊन धावत आले, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत अग्निशामक दळाची घंटा वाजायची काय ती राहिली होती. कुणी नवं माणूस घरात आलं, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, की यांचे डोळे चमकायचे आणि मला कळायचं, आता अनारसे येणार. मी ट्रे धरून उभी राहायची. हसायची. ट्रे हातात असला की पदर सावरता येत नाही, आत जाता येत नाही, काही करता येत नाही. हसण्याखेरीज.

एकदा माझे वडील काही कामासाठी मुंबईला आले होते. त्यांच्यापुढेही अनारसे निघाले. अण्णाही हसले. पण हसता हसता त्यांनी बशीतला चहा बराच वेळ फुंकला, आणि रात्रीची गाडी असताना दुपारीच निघाले. जिन्यापर्यंत पोचवायला गेले तर म्हणाले, "तुझ्या आईला हे सांगणार नाही हं मी." बस, एवढंच. आजही ते वाक्य आठवलं की माझ्या घशाशी काही तरी येतं. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव म्हणतात, ते उगीच नाही.

आता जरा दूरदर्शनकडे वळते, कारण गोष्टीची पुढची गाठ तिथे आहे. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पण आमच्या मजल्यावर पहिला संच यायला मध्ये काही वर्षं जावी लागली. तो आला कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात. लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा, काळापांढरा. संध्याकाळी ती दारं सरकली की सारा मजला तिथे लोटायचा. पुरुष खुर्च्यांवर, मुलं जमिनीवर आणि आम्ही बायका उंबऱ्यात नाहीतर गॅलरीत, एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रमसुद्धा आम्ही गिरगावकर एका वावराचेही मालक नसताना निमूटपणे पाहायचो. 'छायागीत' आणि 'गजरा' असला की उभं राहायला जागा नसे.

अशातच 'चिमणराव' सुरू झाला. चि. वि. जोशी यांचा चिमणराव. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एक काडी पैलवान, घाबरट कारकून, आणि दुसरा त्याचा दांडगा सोबती. त्या दिवशी चाळीतले नळ कुणी बंद केले नाहीत तरी चालत असे, असं ते वेड होतं. आमचे हे तर चिमणरावाची फजिती झाली की मांडीवर थाप मारून असे हसायचे, की पुढचं वाक्य कुणाला ऐकू येत नसे.

आमच्या सासूबाई सहसा टीव्ही पाहायला यायच्या नाहीत. त्यांना मी हसताना कधी पाहिलंच नव्हतं. चेहरा कायम नुकतंच देवघर आवरून आल्यासारखा. पण एका संध्याकाळी त्या आल्या, दाराशी पाट टेकून बसल्या. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं तर त्यांनी पदर तोंडावर धरलेला आणि खांदे हलताहेत. मला वाटलं, यांना कसला झटका आला की काय! जवळ गेले तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या हसत होत्या. बिनआवाजाच्या.

घरी येताना गॅलरीत त्या मला म्हणाल्या, "पोरगा चांगला करतो. पण दामुअण्णांचा चिमणराव तू पाहिला नाहीस."

मी चकित. कोण दामुअण्णा? तेव्हा कळलं, की १९४० साली 'लग्न पहावे करून' नावाचा मास्टर विनायकांचा चित्रपट आला होता, आणि त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. सासूबाईंनी चौदाव्या वर्षी तो वडिलांबरोबर पाहिला होता. तेवढंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपली जुनी पत्र्याची ट्रंक उघडली आणि लुगड्यांच्या घडीखालून खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं एक पुस्तक काढलं. 'चिमणरावांचे चऱ्हाट'. लग्नात येताना त्या ते घेऊन आल्या होत्या. १९४२ सालापासून ते त्या ट्रंकेत होतं.

"इतकी वर्षं कधी दिसलं नाही ते!" मी म्हटलं.

"दिसेल कसं? सासूबाईंना बायकांनी दात दाखवलेले खपत नसत. एकदा वाचताना हसले तर म्हणाल्या, शेजारी काय म्हणतील. मग ठेवून दिलं."

म्हणजे हसू या घरात आल्या दिवशीच ट्रंकेत गेलं होतं, आणि आम्ही समजत होतो बाईला विनोद कळत नाही!

त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, बारीक टाइप दिसत नसे. म्हणून मग आमचा एक रिवाज पडला. दुपारी त्या सुपात गहू निवडायच्या आणि मी मोठ्यानं वाचायची. दार लोटून घेऊन. मी दोन-तीन पानं वाचली की दोघींचंही काम थांबायचं. सून-सासू दार लावून हसताहेत, ही बातमी मजल्यावर पसरायला दोन दिवस लागले नाहीत.

चि. वि. जोशी (१८९२-१९६३) हे बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते, जातककथा मराठीत आणणारे विद्वान होते, हे मला पुष्कळ पुढे कळलं. पण सासूबाईंना त्यांच्याबद्दल जे कळलं होतं ते मी कुठल्या अभ्यासाच्या पुस्तकात वाचलेलं नाही. एका दुपारी सूप पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, "बघ हं. हा चिमणराव आईची गोष्ट सांगतो, बायकोची सांगतो, पोरांची सांगतो. पण शेवटी तोंडघशी कोण पडतं? हाच. दुसऱ्याला हसायच्या आधी हा स्वतः चिखलात उतरतो. म्हणून घरातली बाकीची माणसं कशी सुखात दिसतात."

एवढं बोलून त्यांनी गव्हातला एक खडा वेगळा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्याकडच्या चिमणरावाला हे कळायला हवं."

मी काही बोलले नाही. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं, की तीन वर्षं मी ट्रे धरून उभी असायची तेव्हा आतल्या खोलीत कुणी तरी ते ऐकत होतं.

१९८१ची दिवाळी. पाडव्याच्या संध्याकाळी यांच्या कचेरीतली मंडळी आली होती, बायकामुलांसकट. मी फराळाच्या बशा घेऊन बाहेर आले. यांनी चकली मोडली आणि सुरुवात केली, "आता तुम्ही विचाराल, अनारसे का नाहीत..."

तेवढ्यात सासूबाई आतून बाहेर आल्या. परक्या पुरुषांपुढे त्या सहसा येत नसत. सरळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते मी सांगते. पीठ मी भिजवलं होतं. गूळ मी घातला. किती घातला? हातात बसेल तेवढा! मला वाटलं, चाळीस वर्षं संसार केला, मला काय माप लागतं? आणि या पोरीला म्हटलं, सोड आता तुपात. तिनं बिचारीनं सोडले. ते अनारसे मला हसत होते हो, तिला नाही!" आणि मग त्यांनी ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कढई, तूप, काळं पडलेलं पातेलं, नंतर त्या तुपाचं काय करावं म्हणून आपण दिवे कसे लावले आणि देवापुढे दोन दिवस गुळाचा वास कसा येत होता. माणसं हसून हसून लोळायची बाकी राहिली. आमच्या यांना तसं कधी जमलं नव्हतं. गोष्ट सांगण्याची कला यांनी कुठून घेतली ते त्या रात्री सर्वांना दिसलं.

आता खरं सांगू? गूळ मीच घातला होता. पीठही मीच भिजवलं होतं. त्यांचा त्या अनारशांना बोटसुद्धा लागलं नव्हतं.

रात्री भांडी पुसताना मी म्हटलं, "आई, गूळ तर मी घातला होता."

"माहीत आहे."

"मग?"

"मला या वयात कोण हसणार, आणि हसले तरी माझ्या पानातलं काय कमी होणार? तुझं मात्र रोज थोडं थोडं कमी होत होतं."

यांनी त्यानंतर अनारशांची गोष्ट कधी सांगितली नाही. मला कुणी माफीबिफी मागितली नाही, आमच्या पिढीत ती पद्धतही नव्हती. पण काही महिन्यांनी हे लोकलमध्ये छत्री विसरले आणि दुसऱ्याच कुणाची मोडकी छत्री उचलून घेऊन आले, ती गोष्ट यांनी स्वतःच पाहुण्यांना सांगितली आणि सांगताना माझ्याकडे एकदा पाहिलं. मला तेवढं पुरलं.

तेव्हापासून मला एक खोडच लागली. विनोदी पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघते, सांगणारा कुठे उभा आहे? बाहेर उभा राहून बोट दाखवतोय, की आत उतरलाय? वाचनालयातून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'सुदाम्याचे पोहे' आणलं. भाषा जुनी, मला जरा जड गेली. पण आपल्याकडच्या रूढींवर एवढे कोरडे ओढणारा हा माणूस ते सारं सुदाम्याच्या तोंडून, त्याच्या आणि बंडूनाना-पांडूतात्यांच्या फजितीतून सांगतो. पु. ल. देशपांड्यांचं 'असा मी असामी' (१९६४) तर आमच्या गिरगावचंच. त्यातले धोंडोपंत स्वतःलाच हसत राहतात. आमचा स्वतःचा संच आला, रंगीत, तेव्हा १९८४ साली 'ये जो है जिंदगी' पाहिलं आणि १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांचा 'वागळे की दुनिया'. अंजन श्रीवास्तव यांचा तो वागळे पाहताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "हा चिमणरावाच्या नात्यातला दिसतो." हिंदी त्यांना निम्मं कळायचं, पण नातं बरोबर कळलं!

आणि १९९० साली सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं. वाचनालयात त्यासाठी नंबर लावावा लागे. आमच्या भिशीत त्यावरून सरळ दोन तट पडले. अर्ध्या म्हणाल्या, असं घरातलं लिहू नये. अर्ध्या म्हणाल्या, का लिहू नये? मला त्यावर निकाल द्यायचा नाही. पु. लं.नी आम्हाला हसवलं ते हसू खरंच होतं, ते कुणी परत मागू शकत नाही. पण साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाच्या घरी हिशेब कोण ठेवतं, व्यवहार कोण सांभाळतं, आणि त्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न तोवर माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. हसताना आपण ट्रे धरलेल्या बाईकडे पाहत नाही हेच खरं.

कुणी म्हणेल, मग कुणी कुणाला हसायचंच नाही की काय? तसं नाही हो. आपला भोंडलाच पाहा ना. अश्विनात पाटावर हत्ती काढून आपण फेर धरतो तेव्हा सासरच्या माणसांची काय कमी टर उडवतो? करंज्यांना होड्या समजून पाण्यात सोडणारा तो वेडा नवरा! पण ती गाणी म्हणणार कोण? सासरी तोंड उघडायची सोय नसलेल्या पोरीबाळी. त्यांचं ते हसणं म्हणजे गुदमरलेल्या माणसानं खिडकी उघडणं. तेच गाणं सासूनं सुनेकडे बघून म्हटलं तर? शब्द तेच राहतील, पण ते गाणं राहणार नाही, टोमणा होईल. विनोद तोच असला तरी सांगणारं माणूस बदललं की हसूचं हसं होतं. हे सगळं मला कळलेलं होतं. इतकं नीट कळलेलं होतं, की मी कुणालाही समजावून सांगितलं असतं.

आणि तरीही.

माझा मुलगा २०११ साली लग्न होऊन दोनाचे चार झाला. सून बँकेत नोकरी करणारी, हुशार, थोडी अबोल. पहिल्या वर्षी एकादशीला तिनं साबुदाण्याची खिचडी केली. साबुदाणा भिजवताना पाणी वरपर्यंत भरलं, त्यामुळे खिचडीचा झाला एक गोळा. सासूबाई १९९६ साली गेल्या होत्या, नाहीतर त्या काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. मी हसले. तीही हसली. मी ते बहिणीला फोनवर सांगितलं, बहीण हसली. मग भिशीत सांगितलं. मग गोळ्याला पाय फुटले. कढईसकट तो ताटात कसा आला, सुरीनं त्याचे काप कसे केले, यांचा नवा दात त्यात कसा अडकला. फोनवर सुनांचे चुटके येतात ना, ते वाचायची मला आवड आहेच. त्यांच्याच जोडीला मी आमचा घरचा चुटका ठेवून दिला. किती वर्षं? लिहायला लाज वाटते. बारा.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात पंधरा-वीस बायका होत्या. मी सोफ्यावर ऐसपैस बसून खिचडी सांगत होते. बायका हसत होत्या. सुनेची एक नवी मैत्रीण पहिल्यांदाच आली होती, तिच्यासाठी मी जरा जास्तच मीठमसाला घालत होते. तेवढ्यात माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

सून उभी होती. हातात कॉफीचा ट्रे. हसत होती.

ते हसू मी ओळखलं. कसं नाही ओळखणार? तीन वर्षं ते माझ्या तोंडावर होतं. यांनी बिचाऱ्यांनी तीनच वर्षं सांगितली, मी बारा. आणि आतल्या खोलीतून बाहेर येऊन 'पाणी मी घातलं होतं' म्हणणारं आता घरात कुणी नव्हतं.

माझं वाक्य अर्धंच राहिलं. बायका म्हणाल्या, "पुढे? पुढे?" मला सासूबाईंसारखं धडधडीत खोटं बोलायचं सुचलं नाही, तेवढी माझी पोच नाही. मी म्हटलं, "पुढे काही नाही. साबुदाणा किती पाण्यात भिजवायचा ते मी तिला सांगायला हवं होतं, मी सांगितलंच नाही. म्हटलं, बघू कशी करते. ते जाऊ दे, तुम्हाला मी माझ्या अनारशांची गोष्ट कधी सांगितली का?" आणि मी ती सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या तोंडानं. अगदी अग्निशामक दळाच्या घंटेपर्यंत. हे बाहेरच्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून बसले होते. पेपर हलत होता.

रात्री कप विसळताना सून म्हणाली, "आई, तुमचे अनारसे बिघडले होते? मला वाटायचं तुमचं कधीच काही बिघडलं नसेल." मी म्हटलं, "अगं, बिघडलं नसतं तर मला एवढ्या गोष्टी कुठून सांगता आल्या असत्या?" ती काही बोलली नाही. पण जायच्या आधी ओटा पुसायचं फडकं तिनं माझ्या हातातून काढून घेतलं.

गेल्या दिवाळीला तिनं सुट्टी काढली आणि म्हणाली, "मला शिकवा अनारसे." तांदूळ भिजवले, वाळवले, मिक्सरवर दळले, चाळले. गुळाचं माप मी डोळ्यांनी घेतलं, तिनं वाटीनं. दोघींचं जमेना, म्हणून दोघींचं थोडं थोडं घातलं. पहिला अनारसा तुपात सोडला आणि आम्ही दोघी कढईवर वाकून पाहत राहिलो.

तो हसला. पार कढईभर हसला.

क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. मग तिला हसू फुटलं, मोठ्यानं, आवाजाचं, शेजारी ऐकू जाईल असं. मलाही. आम्ही तो चुरा झाऱ्यानं काढून निथळला आणि वाटीत घेऊन दुधाबरोबर उभ्या उभ्याच खाल्ला. मैत्रिणींनो, कधी अनारसे हसले तर टाकू नका. चुरा दुधाशी फार छान लागतो. उरलेल्या गोळ्यात पिठी मिसळली आणि पुढचे चोवीस अनारसे अगदी जाळीदार झाले.

वाटी चाटून पुसून ठेवताना सून म्हणाली, "आई, भाऊबीजेला सगळ्यांना सांगा हं ही गोष्ट. पण गूळ दोघींनी घातला म्हणून सांगा."